बहिरा पाय

सर आधी स्टूल ओढायचे. त्यावर बसायचे, म्हणजे पेशंट वर आणि हे खाली. मग विचारायचे, "कसं आहे?" पेशंट म्हणायचा, "बरं आहे." त्यावर मान हलवायचे, चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने काचा पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि म्हणायचे, "हं. आता सांगा."

पेशंटच असायला हवा असंही नाही. पोरी, कँटीनवाला, फी भरायला आलेले पालक, प्राचार्य मॅडम, मी, सगळ्यांना हेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, की "काय, कसं काय?" असं विचारल्यावर खरोखर उत्तराची वाट बघत उभा राहतो. अशा माणसाचा वैताग येतो. मला यायचा.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. पायापासून सुरू झालं आणि पायावर थांबलं नाही. हे आधीच सांगून टाकते. वॉर्डात अर्धं आयुष्य काढलेली बाई आहे मी, आम्ही लोकांना उगाच लटकवून ठेवत नाही.

आमचं नर्सिंग कॉलेज सावेडीच्या पुढे, जिथे फ्लॅट संपतात आणि मोकळे प्लॉट सुरू होतात तिथे. पहिल्या वर्षाला शरीरशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वं वगैरे असतात, ती आम्ही सिस्टर लोक शिकवतो. शिवाय इंग्रजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादकौशल्य असे विषय असतात. त्या सगळ्यांना मिळून कॉलेजात "जनरल" म्हणायची पद्धत. जनरल म्हणजे जे कुणी मनावर घेत नाही ते. हे सगळे विषय सर एकटे शिकवायचे, म्हणून पोरींनी नाव पाडलं, जनरल सर.

आता नगर पडलं लष्कराचं गाव. कागदावर अहिल्यानगर झालं तरी रिक्षावाला अजून नगरच म्हणतो, आणि इथे रस्त्यावर लष्कराच्या गाड्यांची रांग लागली तरी शेंबडं पोरसुद्धा मान वळवत नाही. अशा गावात "जनरल सर आले का?" असं मोठ्याने विचारलं की व्हायचं ते होणारच. कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला सरांना रोज सलाम ठोकायचा. किरकोळ अंगाचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, छातीशी फाईल धरून चालणारा हा माणूस जनरल कसा, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. एकदा पाथर्डीकडचे एक माजी हवालदार पोरीच्या ॲडमिशनला आले होते. शिपाई म्हणाला, "ते बघा, जनरल सर आले." हवालदार ताडकन उभे राहिले, टाचा जुळवल्या.

"साहेब, कुठली रेजिमेंट?"

"प्रथम वर्ष," सर म्हणाले.

हवालदारांनी थोडा विचार केला. "ही रेजिमेंट कदी ऐकली न्हाई, साहेब."

"आमच्या संस्थेनेही फारशी ऐकलेली नाही," सर म्हणाले, आणि त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "कसं आहे? प्रवास बरा झाला?"

"बरा झाला, साहेब."

चष्मा निघाला, पुसला गेला, परत चढला. "हं. आता सांगा." आणि तो मिशाळ माणूस सांगायला लागला की पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, आणि बायकोने तीन दिवस नीट जेवण केलेलं नाही, आणि खरं म्हणजे त्यालाही जात नाही. मी शेजारच्या टेबलावर हजेरी भरत होते. मनात म्हटलं, झालं, आता हे तासभर चालणार. तासभर चाललंच.

मी त्यांच्या विषयांची टर उडवायची. आमचे टेबल शेजारी शेजारी होते, त्यामुळे उडवायला लांब जावं लागत नसे. "सर, पोरींना बेडवरची चादर धड घालता येत नाही. समाजशास्त्राचं काय लोणचं घालायचंय?"

"घाला की. टिकेल पुष्कळ."

पोरीही कमी नव्हत्या. खेड्यापाड्यातून आलेल्या, नेवासा, शेवगाव, राहुरी, कुठून कुठून. नर्स व्हायचं म्हणजे पांढरा कोट आणि हातात सिरिंज हे ठरलेलं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारायचीच, "सर, इंजेक्शन कधी शिकवणार?"

"टोचायचं कसं ते मॅडम शिकवतील. मी शिकवतो कुणाला टोचायचं ते."

माझी अशी समजूत होती की या दोनदा विचारण्याच्या मागे काहीतरी मोठं दुःख असणार. कुणीतरी "बरं आहे" म्हणालं असेल, हे गेले असतील निघून, आणि परत आले तर सगळं आटोपलेलं. असं काहीतरी असतंच ना माणसांचं. एकदा चहाच्या वेळी सरळ विचारलं. सर एवढे हसले की चहा बशीत सांडला.

"अहो, दुःख कसलं, मॅडम? आमच्या अम्मीला ऐकू येत नाही."

अम्मी नेवाशाला, धाकट्या भावाकडे. सर सावेडीत एका खोलीत एकटे राहायचे आणि रविवारी नेवासा गाठायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते मी दोनदा विचारूनही सांगितलं नाही. तर या अम्मीला कानाने दगा दिलेला, पण बाई मानी. ऐकू आलं नाही असं कबूल करायची नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "अच्छी हूँ, बेटा." अम्मी, जेवलीस? अच्छी हूँ. अम्मी, गॅस बंद केलास? अच्छी हूँ, बेटा, अच्छी हूँ. सगळं लहानपण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारण्यात गेलं. दुसऱ्यांदा विचारताना तिच्यासमोर खाली बसायचं, म्हणजे तिला ओठ दिसतात. स्टूल तिथून आलं.

"आणि मॅडम, बाकीच्यांचे कान धड असतात, पण पहिला प्रश्न तसा कुणालाच ऐकू येत नाही. तो रिवाजाचा असतो. उत्तरही रिवाजाचं."

मी म्हटलं, "चहा प्या, गार झाला."

सरांच्या शेवटच्या वर्षी, पहिल्या वर्षाला कोमल नावाची पोरगी होती. शेवगावच्या बाजूची, उंच, आवाज खणखणीत, इंग्रजीचं नाव काढलं की घाम फुटणारी. पोरींना पहिल्यांदा वॉर्डात नेलं तेव्हा सरही बरोबर आले होते. जनरलच्या मास्तराचं वॉर्डात काय काम, असं मी म्हटलं, पण आले. एका कॉटवर म्हातारी होती. कोमलने फाईल उघडली.

"आजी, कसं आहे?"

"बरं हाय, माय."

कोमलने तसं लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे वळली. सरांनी स्टूल तिच्या पायाशी सरकवलं आणि स्वतः दारापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. कोमल बसली. तिला चष्मा नव्हता, म्हणून तिने पेन पुसलं. म्हणाली, "हं, आजी. आता सांगा."

म्हातारीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पदर तोंडाशी धरला. "बाई, कालधरनं लगवीच झाली न्हाई. समदे डाक्तर बाप्ये हायेत हितं. कुनाला सांगू?"

पुढचं मी बघितलं, ते आमचं रोजचं काम. पण कोमल बाहेर आली ती लाल तोंड घेऊन. "मॅडम, तिनं मला सांगितलं! मला!" सर दाराशी उभे होते तसेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आणि आता बहिऱ्या पायाचं सांगते.

इंग्रजीच्या तासाला सर पेशंटची मराठी वाक्यं द्यायचे आणि पोरींनी ती इंग्रजीत लिहायची. वाक्य साधं होतं. "माझा पाय बधिर झाला आहे." कोमलने इमानेइतबारे डिक्शनरी उघडली. बधिर म्हणजे जो ऐकत नाही तो. तिने लिहिलं, "माय लेग इज डेफ." माझा पाय बहिरा आहे. वर्गात वाचून दाखवल्यावर जो हशा उसळला तो मला पलीकडच्या वर्गात ऐकू आला. मी दारातून डोकावले. कोमल रडायच्या बेतात उभी. सरांनी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

"चूक आहे," सर म्हणाले. "परीक्षेत 'नम' लिहायचं. पण कोमलने लिहिलंय ते डोक्यात ठेवायचं. शुगरवाल्याचा पाय असाच असतो. काटा मोडला, खडा रुतला, त्याला ऐकूच येत नाही. आणि पायाचा मालक काय म्हणतो?"

सगळा वर्ग ओरडला, "बरं आहे!"

"मग आपण?"

"हं! आता सांगा!"

तेव्हापासून वर्गात बहिरा पाय हा शब्दच पडून गेला. एखादीला झोप आली की "सर, हिचं डोकं बहिरं झालंय." कोमलची लाज गेली. इंग्रजीही थोडं सुधारलं.

सरांना स्वतःला शुगर होती. जुनी. गोळ्या घ्यायचे आणि कँटीनचा गोड चहाही घ्यायचे. मी ओरडायची, ते म्हणायचे, "हा शेवटचा." असे शेवटचे चहा त्यांनी किती घेतले देव जाणे.

त्याच वर्षी संस्थेचं पत्रक आलं. पुढच्या वर्षापासून जनरलचे विषय व्हिडिओवर. मोठा पडदा लावायचा, कुठल्यातरी शहरात कुणीतरी एकदा बोलून ठेवलेलं असणार, तेच सगळ्या वर्गांना दाखवायचं. प्राचार्य मॅडम वाईट बाई नव्हे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "माझ्या हातात नाही, सर."

सर म्हणाले, "बाकी सगळं व्हिडिओवर जाऊ द्या. संवादाचा एक तास ठेवा. एकच."

मॅडमनी विचार केला आणि मार्ग काढला. वार्षिक तपासणीला बाहेरची मंडळी यायची होती. त्यांच्यासमोर त्या तासाचं प्रात्यक्षिक दाखवा, त्यांनी चांगला शेरा दिला तर मी संस्थेशी भांडते. सर वर आले ते असे खुशीत, जसा काही तास मिळालाच.

त्यानंतर त्यांनी एकही दिवस रजा घेतली नाही. रविवारचं नेवासाही बंद केलं. वर्गातल्या भिंती सजवायला लागले. तक्ते काढले, पोरींकडून काढून घेतले, स्वतः बाकावर चढून बोर्डपिना टोचून लावले. मी म्हटलं, "सर, उतरा, पडाल." म्हणाले, "पडलो तर तुम्ही आहातच."

पुढच्या काही दिवसांत सर लंगडायला लागले. फार नाही. जिना चढताना कठड्याला हात. मी विचारलं, "पायाला काय झालं?"

"बरं आहे."

मी त्यांच्याच चालीत म्हटलं, "हं. आता सांगा."

"नवीन बूट आहेत. चावतात."

लगेच म्हणाले. तयारच होतं. विचारा कधीही, हेच. अहो, ज्याने जन्मभर दुसरा प्रश्न विचारला त्याने त्याचंही उत्तर करून ठेवलं होतं. प्राचार्य मॅडमनी विचारलं तर त्यांना दुसरंच. "जरा ॲसिडिटी आहे." लंगडण्याचा आणि ॲसिडिटीचा काय संबंध, हे त्या माउलीनेही विचारलं नाही.

मग अत्तर आलं. सर ईदला लावायचे तेवढंच. आता रोज, आणि भरपूर. टेबलाशी हिनाचा घमघमाट. पोरी खुसखुसायच्या. मीही म्हटलं, "काय सर, लग्न ठरलं की काय?" सर लाजल्यासारखे हसले. पण मी वॉर्डातली बाई. दोन दिवसांनी त्या अत्तराच्या खालचा वास माझ्या नाकाला लागला, आणि तो काय असतो ते मला सांगायला लागत नाही. तो नेमका तपासणीच्या दिवशी सकाळीच लागला. सर खुर्चीत बसून बुटाची नाडी आवळत होते.

"सर, बूट काढा."

"मॅडम, तपासणी झाली की दाखवतो."

"आत्ता काढा."

"एवढा तास होऊ द्या. मग तुमचाच आहे पाय," असं म्हणाले आणि फाईल छातीशी धरून निघाले. मी मागोमाग गेले आणि वर्गात मागच्या बाकावर बसले. रागाने. दुखतच नव्हतं त्यांना, हे मला तेव्हाही कळत होतं. दुखत असलं तर माणूस नाडी अशी आवळत नाही.

तपासणीची मंडळी पुढे खुर्च्यांवर. प्राचार्य मॅडम कडेला. सर पेशंट झाले, खुर्चीत बसले. सिस्टर म्हणून कोमल. त्यांनी ठरवलेलं असं होतं की दुसऱ्या प्रश्नाला सर पोटदुखीचं काहीतरी सांगणार, कोमल ते नीट विचारून घेणार, टाळ्या, आभार.

कोमलने स्टूल ओढलं, बसली. "काका, कसं आहे?"

"बरं आहे."

पेन पुसलं. "हं. आता सांगा."

सरांनी पोटाचं सांगायचं होतं. काय झालं कोण जाणे, सवयीने तोंडातून दुसरंच गेलं. "नवीन बूट आहेत. चावतात."

वर्ग हसला. तपासणीतले एकजण हसले. कोमल हसली नाही. ती स्टुलावरून उठली आणि खाली फरशीवर बसली. म्हणजे आणखी खाली. सरांच्या बुटाकडे बघत म्हणाली, "सर, बूट तर जुनेच हायेत."

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"पाय काय म्हणतोय, सर?"

मला वाटतं तिथे ते पेशंटचं सोंग विसरले. चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाले, "पाय काही म्हणत नाही गं. बहिरा झालाय."

वर्गाला वाटलं जुनीच गंमत चाललीय. हशा पिकला, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. कोमलने तोवर नाडी सोडली होती. बूट निघाला. मोजा निघेना, चिकटला होता. मी मागून उठून पुढे आले तेव्हा वास वर्गभर झाला होता आणि हसणं बंद पडलं होतं. बुटाच्या झिजलेल्या तळातून आरपार, अंगठ्याच्या मागे, तक्त्याची बोर्डपिन. डोकं बाहेर, टोक आत. तक्ते लावून कितीतरी दिवस झाले होते. एवढे दिवस माणूस त्या पिनेवर उभा राहून शिकवत होता.

सर वाकून बघत होते. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हिला पैकीच्या पैकी द्या."

तपासणीच्या कागदात शेरा आला, "संवादकौशल्याचे प्रात्यक्षिक अपूर्ण राहिले." माझ्यासमोर प्राचार्य मॅडमनी तो वाचला आणि पुढचं पान उलटलं. मला त्या दिवशी कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण नेमकी कुणाच्या ते ठरेना.

सरांना जनरल वॉर्डात कॉट मिळाली. "बघा, जनरल वॉर्ड," सर म्हणाले. "शेवटी पोस्टिंग मिळालं." आधी बोटं काढली. मग गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, दुखतंय का, आणि प्रत्येक वेळी सर म्हणायचे, बरं आहे. आता ते खोटंही नव्हतं. मी ड्यूटी आटोपली की जाऊन बसायची. नंतरनंतर बोलणं कमीच. मी मोसंबी सोलायची, ते खायचे नाहीत, मीच खायची.

एक दिवस विचारलं, "वर्ग कसा चाललाय?"

"बरा चाललाय," मी म्हटलं.

चष्मा उशाला होता. त्यांनी तो चाचपून घेतला, चादरीच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर ठेवला. वेळ लागला. "हं. आता सांगा."

मग काय, सांगितलं. पडदा लागला. पुढच्या वर्षाची वाट न बघता याच वर्षी लावला, कारण तास रिकामे होते. संवादाचाही. व्हिडिओतली बाई चांगलं बोलते. इंग्रजी उत्तम आहे तिचं. पोरी मागे बसून मोबाईल बघतात.

सरांनी चष्मा काढून परत उशाला ठेवला. "ती दुसऱ्यांदा विचारते का?"

"नाही."

"हं," म्हणाले. त्यानंतर माझ्याशी जनरलचा विषय काढला नाही. इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी कॅथेटर कसा घालायचा ते पोरींना पुतळ्यावर दाखवत होते. बाहेर जाऊन फोन घेतला, आत आले, उरलेलं दाखवलं, हात धुतले. सगळं अगदी व्यवस्थित केलं. मला आठवतं, साबण संपत आला होता आणि नवीन मागवायला पाहिजे असं मनात आलं.

नेवाशाला गेलो तेव्हा पुरुष माणसं मयत घेऊन परस्पर कब्रस्तानात गेली होती, घरात बायकाच होत्या. कोमल माझ्याबरोबर होती. अम्मी पलंगावर बसल्या होत्या, स्वच्छ पांढरी ओढणी, हातात तसबीची माळ. एवढी गर्दी जमली म्हणून त्या सगळ्यांकडे बघून बारीक हसत होत्या. तेव्हा कळलं की त्यांना अजून कळलेलं नाही. सकाळी सांगितलं होतं म्हणे, पण त्यांनी काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. सरांची भावजय पुढे झाली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अम्मी, भाईजान गुज़र गये."

अम्मींनी तिच्या गालावरून हात फिरवला. "अच्छी हूँ, बेटा," म्हणाल्या. "अच्छी हूँ."

भावजय तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. बाकीच्या बायका माना खाली घालून बसल्या. कुणी पुढे होईना. मलाही उठता येईना. कोमल उठली. पलंगासमोर खाली जमिनीवर बसली, म्हणजे अम्मींना तिचं तोंड दिसेल अशी. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आणि सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट करत, दुसऱ्यांदा सांगितलं.

अम्मी तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. हसू तसंच राहिलं, मग गेलं. पुढचं सांगत नाही.

मी रडले नाही. नगरला परत आले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पुढच्या कितीतरी महिन्यांत रडले नाही. टेबल शेजारीच होतं, रिकामं, त्यावर कुणीतरी प्रोजेक्टरचं खोकं आणून ठेवलं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "जनरलसाहेबांची बदली झाली का, मॅडम?" मी म्हटलं, "हो." त्याला सांगायचा कंटाळा आला. भाजीला चव लागेना, कुणी काही विचारलं तर त्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं. रक्तदाब तपासला, शुगर तपासली, सगळं ठीक. दुखत काहीच नव्हतं. लोक विचारायचे, "मॅडम, कशा आहात?" मी म्हणायची, "बरी आहे." आणि ते पुढे जायचे, जातातच.

परवा कोमल सही घ्यायला स्टाफरूममध्ये आली. आता पुढच्या वर्षात आहे, अंगात कोट, कोटाच्या खिशात दोन पेनं.

"मॅडम, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे गं," म्हटलं आणि सही करून फाईल पुढे सरकवली.

तिने फाईल घेतली नाही. खोकं उचलून खाली ठेवलं, सरांच्या टेबलामागचं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. खिशातलं पेन काढून कोटाच्या टोकाने पुसलं.

"हं, मॅडम. आता सांगा."

"जरा ॲसिडिटी आहे," मी म्हटलं.

कोमल उठली नाही.

मग मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, पोरीसमोर, टेबलावर डोकं ठेवून. सर, सर, एवढंच म्हणता येत होतं. शेजारच्या वर्गात पहिल्या वर्षाचा व्हिडिओ लावलेला होता, आवाज फार मोठा ठेवतात, त्यामुळे बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही.